ग्रेट डेन डेन्मार्कचा की जर्मनीचा? आणि चांगला डेन ओळखायचा कसा?

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी. घरी ग्रेट डेन आणायचं चाललंय. सोलापुरात विजापूर रोडला स्वतःचं घर, मागं मोकळी जागा, घरात चार मोठी माणसं. त्यामुळं जागेचा आणि वेळेचा प्रश्न नाही. प्रश्न माहितीचा आहे. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय.

आधी नावाचं. डेन म्हणजे डेन्मार्कचा, असं मी धरून चाललो होतो. विकणारे मात्र 'जर्मन लाईन' म्हणतात. एक जण तर म्हणाला, इजिप्तच्या थडग्यांवर याची चित्रं आहेत. आणि हा शिकारी कुत्रा म्हणे. मग आपल्याकडच्या कारवान कुत्र्यासारखा पळून ससा धरणारा होता का? एवढं धूड सशामागं वळणार कसं?

आता रूपाचं. एक लिटर (एका वेताची पिल्लं) बघून आलोय. नऊ आठवड्यांची सहा पिल्लं. दोन पांढऱ्यावर काळ्या तुकड्यांची, दोन काळी, एक राखाडीवर काळे चट्टे असलेलं आणि एक जवळजवळ पूर्ण पांढरं, निळ्या डोळ्यांचं. पांढरं 'रेअर' म्हणून त्याचे पाच हजार जास्त सांगितलेत. आई-बाप दोघंही पांढऱ्यावर काळ्या तुकड्यांचे. बाप 'साडेतीन फुटी, डबल बोन' आहे म्हणे. कान हवे असतील तर कापून उभे करून देतो, असंही म्हणाला.

यातलं खरं काय, पिल्लात आणि आई-बापात बघायचं काय, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हा कुत्रा निभावतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.


माळरान

कुत्रा जर्मन आहे. जर्मनीत त्याला डेन म्हणतच नाहीत, 'डॉइचे डॉगे' म्हणतात. आणि त्यातला 'डॉगे' हा शब्द इंग्लंडातून गेलाय. सोळाव्या शतकात जर्मन राजेरजवाडे शिकारीसाठी इंग्लंडातून थोराड कुत्रे मागवायचे. मॅस्टिफसारखे जड आणि वुल्फहाऊंडसारखे लांब पायांचे, या दोन्हींच्या संकरातले. त्यांना ते 'इंग्लिश डॉगे' म्हणत. पुढं सतराव्या शतकात दरबारांनी तसे कुत्रे आपल्याकडंच पैदास करायला सुरुवात केली आणि आजच्या डेनचा साचा तिथं घडला.

मग डेन्मार्क कुठून आलं? फ्रेंच निसर्ग अभ्यासक ब्युफाँ यांनी अठराव्या शतकात कुत्र्यांचं वर्णन करताना एका मोठ्या कुत्र्याला 'ग्राँ दान्वा', म्हणजे मोठा डेनिश, असं नाव दिलं. इंग्रजीनं ते उचललं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. डेन्मार्कचा स्वतःचा मोठा कुत्रा वेगळाच आहे, ब्रोहोल्मर नावाचा, उंचीला कमी आणि बसका. जर्मनीतसुद्धा नावांचा गोंधळ होताच. १८६३ च्या जुलैत हॅम्बुर्गला प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात आठ कुत्रे 'डेनिश डॉगे' म्हणून उतरवले होते आणि सात 'उल्मर डॉगे' म्हणून. पंधरा वर्षांनी, १८७८ मध्ये, बर्लिनला जाणकारांची समिती बसली. ही वेगवेगळ्या नावांची सगळी एकच जात आहे, असं तिनं ठरवलं आणि 'डॉइचे डॉगे' हे नाव पक्कं केलं. १८८० मध्ये जातीचं रूप कसं हवं ते सांगणारं पहिलं प्रमाण लिहिलं गेलं, १८८८ मध्ये जातीचा क्लब निघाला.

इजिप्तच्या चित्रांचं मनावर घेऊ नका. चित्रात उंच कुत्रा दिसला म्हणून ती जात आजची ठरत नाही. मोठे कुत्रे अनेक देशांत वेगवेगळ्या वेळी घडवले गेलेत. सलग वंश दाखवता येतो तो जर्मन दरबारांपासूनच.

आता शिकार. तुमची शंका रास्त आहे. डेन सशासाठी नव्हताच, तो रानडुकरासाठी होता. जुनं इंग्रजी नावही 'जर्मन बोअरहाऊंड' असंच होतं. आपल्याकडं उसात घुसलेलं रानडुक्कर ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना सांगायला नको की तो प्राणी काय आहे. खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी, बुटकी मान, आणि सुळा खालून वर, बाजूला मारणारा. एक हिसका बसला की कुत्र्याचं पोट फाटतं.

त्यामुळं शिकारीत कुत्र्यांची कामं वाटलेली असत. लहान, नाकाचे कुत्रे झुडपातून डुक्कर शोधून काढत. हलके, चपळ कुत्रे त्याला पळवून दमवत आणि एका जागी भुंकून अडवत. तोवर हे मोठे कुत्रे दोरीला धरून ठेवलेले असत. डुक्कर अडलं की सोडत. त्यांचं काम मारण्याचं नव्हतं, धरून ठेवण्याचं होतं. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला. कान धरून कुत्रा डुकराच्या खांद्याला अंग चिकटवून राहिला की सुळ्याचा फेरा त्याच्या अंगापर्यंत पोचत नाही. कान सुटला की मेला. तेवढ्यात शिकारी पुढं येऊन भाला घालायचा. त्या भाल्याला पात्याखाली आडवी दांडी असे, कारण ती नसेल तर चिडलेलं डुक्कर भाला अंगात घुसवून घेत थेट माणसापर्यंत यायचं. किमती कुत्र्यांना शिकारीआधी जाड कापडाचं, आत भरण घालून शिवलेलं चिलखत चढवत.

डेनचं सगळं रूप या दोन-तीन मिनिटांच्या झोंबीतून आलंय. पळत डुकराला गाठायचं म्हणून लांब पाय. खालून मार खाऊ नये म्हणून उंची. झटका सोसायचा म्हणून वजन. कान धरून ठेवायचा म्हणून लांब, रुंद, खोल जबडा. आणि नुसता जड असून चालत नव्हतं, कारण जड कुत्रा पोचेपर्यंत डुक्कर निघून जायचं.

यातले निवडक कुत्रे रात्री मालकाच्या शयनगृहात पहाऱ्याला ठेवत. त्यांना 'कामरहुंड' म्हणजे दालनातले कुत्रे म्हणत आणि गळ्यात सोनेरी मुलाम्याचे, आतून गादी लावलेले पट्टे घालत. डेन आज घरात माणसांना टेकून बसतो, त्या स्वभावाची निवड तिथपासून झालेली आहे. पुढं बंदुका सुधारल्या, दरबारी शिकारी बंद पडल्या, आणि एकोणिसाव्या शतकात हा इस्टेटींचा राखणदार झाला. जर्मन चान्सलर बिस्मार्कना या जातीचं फार वेड. त्यांच्या टायरासला लोक 'राइशहुंड', साम्राज्याचा कुत्रा, म्हणायचे.

(इतिहास म्हणून सांगितलं. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. कुत्रा सोडून शिकार करणं गुन्हा आहे, मग ती डुकराची असो की नान्नजच्या माळावरच्या सशाची.)


गुण्या

माळरान यांनी वर जे लिहिलंय तेच हातात धरून कुत्रा बघायचा. बाजारात लोक आधी उंची विचारतात. माझ्या मते उंची सगळ्यात शेवटी.

आधी डोकं, आणि तेही बाजूनं. नाकाच्या टोकापासून दोन डोळ्यांमधल्या उतारापर्यंतचं अंतर आणि त्या उतारापासून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंतचं अंतर जवळजवळ सारखं हवं. तोंडाची वरची रेघ आणि कवटीची वरची रेघ एकमेकींना समांतर. मोबाईलवर बरोबर बाजूनं, कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा आणि स्क्रीनवर पट्टी ठेवून दोन्ही रेघा बघा. कवटी मागं उतरती असेल किंवा तोंड टोकाला निमुळतं होत असेल तर डोकं कमजोर. मधला उतार ठळक दिसायला हवा, नाहीतर चेहरा मेंढीसारखा सपाट दिसतो. पुढून बघताना डोकं अरुंद हवं, गाल फुगलेले नकोत. दात कात्रीसारखे: वरचे पुढचे दात खालच्यांना बाहेरून घासून बसणारे.

डोळा मध्यम, बदामी, पापणी घट्ट. खालची पापणी लोंबून आतलं लाल दिसत असेल तर काही जण त्याला 'हेवी हेड' म्हणून मिरवतात. तो दोष आहे. आपल्याकडच्या धुळीत असा डोळा वर्षभर चिकट राहतो. ओठाचंही तसंच. थोडी कड हवी, पण लोंबता ओठ म्हणजे लाळेची तार आणि भिंतीवर शिंतोडे.

मान लांब, कमानदार, गळ्याखाली लोंबती कातडी नको. छाती कोपराच्या टोकापर्यंत खोल. तिथून पोट मागं वर चढत गेलेलं. पाठ आखूड आणि घट्ट. शेपूट बुडाशी जाड, पुढं निमुळती होत मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यापर्यंत. पंजे मांजरासारखे गोल, बोटं मिटलेली. अंग चौकोनी: छातीच्या पुढच्या टोकापासून बसायच्या हाडापर्यंतची लांबी ही उंचीएवढी, मादीत किंचित जास्त चालते.

आता उंची. आंतरराष्ट्रीय प्रमाणात नर कमीत कमी ८० सेंटीमीटर, वरची मर्यादा ९०. मादी ७२ ते ८४. इंचात सांगायचं तर नर साडेएकतीस ते साडेपस्तीसपर्यंत. म्हणजे खरा तीन फुटी नर हाच मर्यादेच्या टोकाला येतो. साडेतीन फूट म्हणजे १०६ सेंटीमीटरच्या वर. जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनीजमध्ये नोंदलेला झ्यूस हा अमेरिकेतला डेन १११.८ सेंटीमीटर होता. यावरून 'साडेतीन फुटी' बापाचं काय ते समजून घ्या. बहुतेक डोक्यापर्यंत मोजलं असेल.

मोजायची रीत: कुत्रा सपाट फरशीवर, भिंतीलगत, चारी पाय सरळ, पुढचे पाय खांद्याच्या बरोबर खाली, मान नेहमीसारखी. मान संपते तिथं खांद्याच्या दोन पात्यांचा उंचवटा हाताला लागतो. त्यावर गवंड्याची लेव्हल पट्टी आडवी ठेवा, बुडबुडा मधोमध आला की भिंतीवर पेन्सिलीची खूण, मग कुत्रा बाजूला घेऊन जमिनीपासून खुणेपर्यंत टेप. तीनदा मोजा. टेप अंगावरून वळवत नेला तर दोन-तीन इंच सहज वाढतात आणि जाहिरातीतली उंची तिथंच तयार होते. कुत्रा मागं झुकून उभा असेल तर उलट कमी भरते.

वजन पूर्ण वाढलेल्या नराचं साधारण ६३ ते ७९ किलो, मादीचं ५० ते ६३. 'डबल बोन' असं काही नसतं. तो विक्रीचा शब्द आहे. जाड हाडं, लोंबती कातडी आणि बसकं अंग हे मॅस्टिफपणाकडं गेलेलं रूप. ज्या कुत्र्याला पळत जाऊन डुकराचा कान धरता येणार नाही असं अंगावरूनच दिसतं, तो कितीही भारी दिसला तरी चांगला डेन नव्हे.

बाप चालताना नक्की बघा. पाय लांब टाकत, पाठ न हलवता चालला पाहिजे. मागचे पाय लटपटत असतील, पंजे घासत असतील, तर कंबरेचं किंवा मानेच्या मणक्याचं दुखणं असू शकतं. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येऊन चाल बिघडते तो आजार या जातीत नेहमीचा आहे, त्याला 'वॉबलर' म्हणतात.

कान. कापायची प्रथा डुकराच्या शिकारीतलीच, लोंबता कान फाटू नये म्हणून. आज ते कारण उरलेलं नाही. मूळ कान मध्यम, वर बसलेला, पुढची कड गालाला चिकटून पडणारा, आणि तोच प्रमाणात धरला आहे. नुसत्या दिसण्यासाठी कान छाटणं ही अंगाची मोडतोड आहे आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा तसल्या छाटणीविरुद्ध आहे. शिवाय कापल्यावर कित्येक आठवडे चिकटपट्टी लावून कान उभे धरावे लागतात, जखम चिघळते, आणि तरी एक कान पडतो तो पडतोच. 'कान कापून देतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा.


पट्टे_ठिपके

रंगाकडं मी वळतो, कारण या लिटरचा रंगच सगळं सांगतोय.

प्रमाणातले रंग: फॉन (सोनेरी, तोंडावर काळा मास्क), ब्रिंडल (सोनेरीवर बरगड्यांच्या दिशेनं जाणारे काळे पट्टे), हार्लेक्विन (शुभ्र पांढऱ्यावर फाटक्या कडांचे काळे तुकडे), काळा आणि निळा, म्हणजे पोलादी राखाडी. काळ्यातच मॅन्टल येतो: पाठीवर काळी झूल, मान-छाती-पाय पांढरे. पैदास फॉन-ब्रिंडल, हार्लेक्विन-काळा आणि निळा अशा तीन घराण्यांत वेगळी ठेवतात. हार्लेक्विन आणि फॉन यांची सरमिसळ केली की पुढं मळकट, कुठल्याच प्रमाणात न बसणारे रंग निघत राहतात.

हार्लेक्विन दोन जनुकांच्या जोडीनं होतो. पहिलं मर्ल. त्याची एक प्रत असली की काळा रंग राखाडी पडतो आणि त्यावर काळे चट्टे उरतात. तुमचं राखाडी पिल्लू ते. दुसरं हार्लेक्विनचं जनुक. मर्लसोबत ते आलं की राखाडी भाग धुऊन पांढरा होतो आणि काळे तुकडे तसेच राहतात. काळ्या कुत्र्यात हे दुसरं जनुक असलं तरी दिसत नाही, लपून राहतं.

आता हार्लेक्विनला हार्लेक्विन लावला की दोन गोष्टी बिघडतात. हार्लेक्विन जनुकाच्या दोन प्रती आलेले गर्भ पोटातच जातात, म्हणून लिटर लहान येतं. आणि जी जन्मतात त्यांतल्या सरासरी चारांतल्या एका पिल्लाला मर्लच्या दोन प्रती मिळतात. ते जवळजवळ पांढरं निघतं. हे रंगद्रव्य नुसतं केसांसाठी नसतं. रंगपेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथं पोचल्या नाहीत की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. म्हणून अशी पिल्लं बऱ्याचदा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी असतात. डोळेही लहान, बाहुली वेडीवाकडी, नजर अधू असू शकते.

हिशेब असा. हार्लेक्विन × हार्लेक्विनमध्ये जगलेल्या पिल्लांत सरासरी तिसरा हिस्सा हार्लेक्विन, सहावा हिस्सा मर्ल, पाव पांढरी, पाव काळी. तुम्ही लिहिलेली सहा पिल्लं जवळजवळ याच हिशेबात बसतात. त्याऐवजी हार्लेक्विनला हार्लेक्विनचं जनुक नसलेला काळा किंवा मॅन्टल लावला तर पाव हार्लेक्विन, पाव मर्ल, निम्मी काळी निघतात आणि दोन प्रतींचं पांढरं पिल्लू निघतच नाही. हार्लेक्विन कमी मिळतात म्हणूनच काही जण हा सरळ मार्ग टाळतात.

तेव्हा पांढरं पिल्लू 'रेअर' नाही. टाळता येणाऱ्या जोडीचा तो परिणाम आहे, आणि त्यासाठी जास्त पैसे मागणं चूक आहे. ते पिल्लू मारून टाकायचं किंवा हाकलायचंही नाही. बहिरा डेन हाताच्या खुणांवर उत्तम शिकतो, फक्त पट्ट्याशिवाय बाहेर सोडायचा नाही आणि झोपेत अचानक हात लावायचा नाही. पण ते घेणाऱ्यानं सगळं समजून, कमी किमतीत घ्यावं आणि त्याची पैदास कधीच करू नये.

ऐकू येतंय का ते बघताना भावंडांतून बाजूला काढा. घोळक्यात बहिरं पिल्लूही बाकीची वळली की वळतं. एकटं, झोपलेलं किंवा पाठमोरं असताना, जमीन हादरणार नाही आणि वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. एक कान चालत असेल तर ते जागं होईल, पण आवाज कुठून आला ते शोधत भलतीकडं बघेल. पक्की तपासणी मेंदूच्या लहरींवरून करतात, ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच होते.


शहाबादी

सोलापूर आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, हे धरूनच डेनचा विचार करायचा. केस आखूड, खाली लोकर नाही, हे जमेचं. पण अंग एवढं मोठं की आतली उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग अपुरा पडतो. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी साडेसहाच्या आत फेरी संपली पाहिजे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी रस्ता आणि अंगणातली शहाबादी फरशी तापलेलीच असते. उलटा तळहात सात सेकंद टेकवा, टिकला तरच पंजे टेकवा. दुपारी घरात, कूलरसमोर. हार्लेक्विनच्या गुलाबी नाकाला आणि पांढऱ्या पोटाला ऊन भाजतं, त्याला उन्हात बसूच देऊ नका.

जीभ गडद लाल, लाळ घट्ट, पाय लडखडतात अशी लक्षणं दिसली की सावलीत घेऊन पोट, जांघा, पंजे यांवर साधं नळाचं पाणी आणि वर पंखा. बर्फ नको. अंगाचा ताप गुदद्वारात मोजून ३९.५ ला आला की पाणी थांबवा आणि तसंच डॉक्टरांकडं न्या.

घरातली फरशी हा दुसरा विषय. गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात, सांधे बिघडतात. न घासलेली शहाबादी सावलीत असेल तर तिच्यासारखी पकड नाही. टाइल्स असतील तर जाण्यायेण्याच्या वाटेवर रबरी पट्ट्या टाका. झोपायला सोलापुरी चादरीची घडी पुरत नाही. एवढं वजन कोपरावर येतं, तिथं घट्टा पडतो, मग पाण्याची गाठ होते. चार इंच जाडीची गादी लागते, तिच्यावर चादर टाका.

खाणं. डेनची हाडं बिघडतात ती उपासमारीनं कमी आणि लाडानं जास्त. सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं घालाल तेवढं शोषलं जातं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात डेनच्याच पिल्लांवर याचा अभ्यास झालेला आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांचं तयार खाद्य घ्या. कोरड्या वजनावर कॅल्शियम एक ते सव्वा टक्क्याच्या आसपास, १.८ च्या वर कधीच नाही. त्यावर कॅल्शियमचं सिरप, हाडांची पूड, दूध-अंडी यांचा मारा करायचा नाही. याउलट नुसतं चिकन-भात घातलात तर कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात. दोन्हीत धोका, म्हणून घरी प्रयोग नकोत. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. गुटगुटीत डेन पिल्लू हे चांगलं लक्षण नाही.

पुढच्या पायाच्या मनगटाशी गाठीसारखा फुगवटा असतो, ती हाड वाढायची जागा आहे, घाबरू नका. पण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ती जागा गरम, दुखरी झाली, ताप आला, पिल्लू उभं राहीना, तर त्याच दिवशी दाखवा. जिने, उड्या, गाडीमागं पळवणं दीड वर्ष बंद.

आणि पोट. वर सांगितलेल्या त्या खोल छातीची किंमत म्हणजे पोट फुगून फिरणं. ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं वाजतं, कुत्रा एका जागी बसत नाही. हे दिसलं की घरगुती उपाय नाही, सकाळची वाट बघणं नाही. रात्री शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोण, हे पिल्लू घरात यायच्या आधी विचारून नंबर भिंतीवर लावा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळा वाटून, जेवल्यावर तासभर पळापळ नाही. भांडं उंच स्टँडवर ठेवायचा सल्ला सर्रास देतात, पण २००० साली पर्ड्यू विद्यापीठाचा जो मोठा अभ्यास आला त्यात उंच भांड्यानं धोका वाढलेला दिसला. जमिनीवरच ठेवा. नसबंदी कराल तेव्हा पोट बरगडीलगत शिवून घ्यायचं डॉक्टरांशी बोला, त्यानं पोट फिरणं बहुतांशी टळतं.

शेपटीसाठी एक: आनंदात ही शेपूट भिंतीच्या कडेवर आपटून टोक फुटतं आणि जखम भरता भरत नाही. अरुंद बोळात उत्साहानं स्वागत नको.


विजापूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेव्हल पट्टी घेऊन पुन्हा जाऊन आलो. बाप ८४ सेंटीमीटर भरला, तीनदा मोजला. छाती कोपरापर्यंत, डोक्याच्या रेघा समांतर, पापणी घट्ट, चाल सरळ. आई ७५. पांढरं पिल्लू झोपेत किल्ल्यांना उठलं नाही, दोनदा केलं. काळ्यांपैकी एक मादी मला आवडली, छातीवर बोटभर पांढरा ठिपका आहे. दोन हार्लेक्विनांची काळी म्हणून तिच्यात काही दोष येतो का? आणि माळरान, कारवानाचं राहिलं.


माळरान

हो, राहिलंच. कारवान, पश्मी, मुधोळ हे नजरेनं शिकार हेरून वेगानं गाठणारे. मोकळ्या माळाचे. अंग सुटसुटीत, कंबर बारीक, डोकं लांब-निमुळतं, पाठीला कमान. डेन त्या कुळातला नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही नजरेचे शिकारी दहाव्या गटात आहेत आणि डेन दुसऱ्या गटात, मॅस्टिफच्या कुळासोबत. उंचीत डेनच्या बरोबरीचा नजरेचा शिकारी म्हणजे आयरिश वुल्फहाऊंड, नर कमीत कमी ७९ सेंटीमीटर. तो लांडग्यांसाठी होता. आयर्लंडमधले लांडगे अठराव्या शतकात संपले, तशी ती जातही संपत आली, आणि एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ग्रॅहम यांनी स्कॉटिश डियरहाऊंडच्या जोडीनं ती पुन्हा उभी केली. त्यात डेनचंही रक्त घातलं. राठ, दाट केसांचा तो कुत्रा सोलापुरात आणू नये.


पट्टे_ठिपके

काळ्या मादीत मर्ल नाही, म्हणून ऐकण्या-बघण्याचा तो प्रश्न तिला नाही. हार्लेक्विनचं जनुक लपलेलं असू शकतं, पण त्यानं तिच्या तब्येतीला काही होत नाही. छातीवरचा पांढरा ठिपका चालतो. ८४ चा बाप आणि ७५ ची आई ही प्रमाणातली जोडी आहे, त्याहून उंच हवा असा हट्ट धरू नका.

घेताना पाहा: बेंबीशी मऊ फुगा लागतो का (हर्निया), दात कात्रीसारखे बसतात का, पुढचे पाय समोरून सरळ आणि बोटं मिटलेली आहेत का. आईबापांच्या हृदयाची तपासणी, म्हणजे इको, झाली आहे का ते विचारा, कारण हृदय मोठं होऊन कमजोर पडणं या जातीत बरंच आहे. झाली नसेल तर मादी वर्षाची झाल्यावर तुम्हीच करून घ्या आणि पुढं दरवर्षी. पैदास करणाऱ्याची नोंदणी २०१७ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तुमचं नऊचं आहे, नोंदणीचा कागद तेवढा मागून घ्या. आणि जमलं तर त्याला पुढच्या वेळी या पिल्लांच्या आईला काळा किंवा मॅन्टल नर लावायला सांगा.


विजापूर_रोड

सांगितलं. कागद मागितला आहे, उद्या दाखवतो म्हणाला. टाइल्सवर रबरी पट्ट्या आज टाकून घेतोय.